एलसॅटमधले जर-तरचे प्रश्न: बाण बरोबर येतात, तरी उत्तर का चुकतं?

पूर्वपक्ष

ऑगस्ट २०२४ पासून एलसॅटमधून, म्हणजे अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या प्रवेशपरीक्षेतून, लॉजिक गेम्स (दिलेल्या नियमांवरून मांडणी लावायची कोडी) गेले. आता लॉजिकल रीझनिंगचे दोन आणि रीडिंग कॉम्प्रिहेन्शनचा एक असे तीन विभाग गुणांसाठी धरतात. चौथा विभाग प्रायोगिक असतो. त्याचे गुण नसतात, पण तो कोणता हे परीक्षा देताना कळत नाही. जर-तरची विधानं पूर्वी गेम्समध्येही लागायची. आता तो सगळा भार लॉजिकल रीझनिंगवर आहे, म्हणून फक्त याच विषयासाठी हा धागा.

जर-तरचं विधान बाणाने लिहायचं, म्हणजे डावीकडचं खरं असेल तर उजवीकडचंही खरं: 'इफ' डावीकडे, 'ओन्ली इफ' उजवीकडे, दोन्ही बाजूंना नकार देऊन उलटवलं की कॉन्ट्रापॉझिटिव्ह, इथपर्यंत बहुतेकांना येतं. अडतं त्याच्या पुढे. परीक्षेच्या साच्यात बसवलेला एक नमुना देतो:

"या ग्रंथालयात डिजिटल प्रत काढल्याशिवाय कोणताही दुर्मीळ ग्रंथ वाचकाच्या हाती दिला जात नाही. ज्यांची डिजिटल प्रत काढली आहे ते सर्व ग्रंथ सूचीत नोंदलेले आहेत. सूचीत नोंदलेला एकही ग्रंथ बाहेरच्या प्रदर्शनाला पाठवता येत नाही. वरील विधानं खरी असतील तर पुढीलपैकी काय खरं असलंच पाहिजे?

अ. सूचीत नोंदलेला प्रत्येक दुर्मीळ ग्रंथ वाचकाला दिला जातो.
ब. जो दुर्मीळ ग्रंथ प्रदर्शनाला पाठवता येतो, तो वाचकाच्या हाती दिला जात नाही.
क. ज्या दुर्मीळ ग्रंथाची डिजिटल प्रत नाही, तो प्रदर्शनाला पाठवता येतो.
ड. वाचकाला न दिलेला दुर्मीळ ग्रंथ सूचीत नसतो.
इ. प्रदर्शनाला पाठवता न येणारा प्रत्येक ग्रंथ सूचीत असतो."

ब आणि ड यांच्यात बरेच जण घुटमळतात. जाणकारांनी पायऱ्या दाखवून सोडवावा. आणि बाण कधी काढायचे, कधी नाही, यावरही बोलावं.

त्रिज्या

पहिल्या वाक्याची डावी बाजू एका गोष्टीची नाही, दोन गोष्टींची आहे: ग्रंथ दुर्मीळ आहे आणि तो वाचकाला दिला आहे. घाईत 'दुर्मीळ' गळतं आणि साखळी सगळ्याच ग्रंथांना लागू होते. म्हणून:

दु आणि वा → प्र
प्र → सू
सू → ~बा

(~ म्हणजे नकार, दु म्हणजे दुर्मीळ, वा म्हणजे वाचकाला दिलेला, प्र म्हणजे डिजिटल प्रत काढलेली, सू म्हणजे सूचीत, बा म्हणजे बाहेरच्या प्रदर्शनाला पाठवता येणं.) जोडून: दु आणि वा → प्र → सू → ~बा. उलटून: बा → ~सू → ~प्र → ~दु किंवा ~वा.

आता ब घ्या. 'दुर्मीळ' आणि 'प्रदर्शनाला पाठवता येतो' या दोन्ही गोष्टी पर्यायानेच दिल्या आहेत. 'बा'वरून निघालो की शेवटी '~दु किंवा ~वा' इथे पोचतो. ग्रंथ तर दुर्मीळ आहे, म्हणजे उरलं ~वा. वाचकाला दिला जात नाही. ब पक्का.

ड म्हणतो, वाचकाला दिला नाही तर सूचीत नाही. डावी बाजू खोटी झाली की बाण गप्प बसतो, तो काहीच सांगत नाही. तरी खात्री होत नसेल तर एक ग्रंथ मनाने उभा करा: दुर्मीळ आहे, प्रत काढलेली आहे, सूचीत आहे, पण कुणी मागितलाच नाही. तिन्हीपैकी कुठला नियम मोडला? एकही नाही. मग ड पडला. ही चाचणी दहा सेकंदांत होते. 'खरं असू शकतं' आणि 'खरं असलंच पाहिजे' यांतला फरक ती लगेच दाखवते.

अ आणि इ मध्ये बाण नकार न देता उलटा फिरवलाय. क मध्ये नकार दिलाय पण फिरवलेला नाही. चुकीचे पर्याय या दोनच साच्यांतून पुन्हा पुन्हा तयार होतात.

अव्यय

उत्तम. मी शब्दांच्या बाजूने भर घालते, कारण बाणाची दिशा तिथेच चुकते.

'इफ', 'व्हेन', 'एव्हरी', 'एनी', 'हूएवर' यांना चिकटलेला भाग डावीकडे जातो, म्हणजे पुरेशी अट. 'ओन्ली इफ', 'मस्ट', 'रिक्वायर्स', 'डिपेंड्स ऑन' यांच्या पुढे येणारा भाग उजवीकडे, म्हणजे आवश्यक अट. वाक्यातली जागा बघू नका. 'इफ' वाक्याच्या शेवटी आला तरी त्याचा भाग डावीकडेच जातो. मनात मराठीत वाचत असाल तर 'तरच'च्या आधी येतं ते उजवीकडे: 'शुल्क भरलं तरच परवाना' म्हणजे परवाना → शुल्क.

'ओन्ली' आणि 'द ओन्ली' यांचा घोळ सगळ्यात महागात पडतो. 'ओन्ली मेंबर्स मे व्होट' म्हणजे मत → सभासद. इथे 'ओन्ली'ला चिकटलेला शब्द उजवीकडे गेला. 'द ओन्ली पीपल हू मे व्होट आर मेंबर्स' याचाही अर्थ मत → सभासद, पण 'द ओन्ली'ला चिकटलेला भाग, म्हणजे मत देणारे, डावीकडे गेला. नियम आठवेना झाला तर स्वतःला विचारा: सभासद नसलेला माणूस मत देऊ शकतो का? नाही. सभासद असून मत न देणारा असू शकतो का? हो. मग बाण मताकडून सभासदाकडे.

'अनलेस'साठी एकच पद्धत ठेवा. 'अनलेस'ला चिकटलेला भाग जसाच्या तसा उजवीकडे, दुसऱ्या भागाला नकार देऊन डावीकडे. 'शुल्क भरलं नाही तर परवाना रद्द होईल' हे इंग्रजीत 'अनलेस' घालून येतं. त्याचं होतं: ~रद्द → शुल्क. उलटून: ~शुल्क → रद्द. 'अंटिल', 'विदाउट' आणि 'एक्सेप्ट व्हेन' हेही साधारण याच पद्धतीने.

इथे एक गोष्ट नीट बघा. या वाक्यात 'शुल्क भरलं की परवाना शाबूत' असं कुठेही म्हटलेलं नाही. दुसऱ्या कारणानेही तो रद्द होऊ शकतो. रोजच्या बोलण्यात आपण 'अनलेस' दुहेरी अर्थाने वापरतो. परीक्षेत तसं धरायचं नाही. दुहेरी बाण फक्त 'इफ अँड ओन्ली इफ', 'इफ बट ओन्ली इफ', 'देन अँड ओन्ली देन' अशा स्पष्ट शब्दांवरच काढायचा.

आणि बाण म्हणजे कालक्रम नव्हे. पदवी → प्रवेश हा बाण बरोबर आहे, जरी प्रवेश आधी आणि पदवी नंतर. काळाच्या ओघात लिहायची सवय असली की नेमका हाच बाण उलटा पडतो.

पूर्वपक्ष

त्रिज्या यांनी '~दु किंवा ~वा' केलं, 'आणि'चं 'किंवा' झालं. ते कधी होतं आणि कधी नाही हे कुणी एकदा नीट मांडेल का? शिवाय कुठली विधानं फोडून दोन करता येतात?

गणकयंत्र

उलटवताना नकार आत गेला की 'आणि'चं 'किंवा' होतं आणि 'किंवा'चं 'आणि'. प्रत्येक वेळी, अपवाद नाही.

क आणि ख → ग, उलटून: ~ग → ~क किंवा ~ख.
क → ख किंवा ग, उलटून: ~ख आणि ~ग → ~क.

फोडण्याबद्दल: 'क → ख आणि ग' फोडता येतं, क → ख, क → ग असे दोन स्वतंत्र बाण. 'क किंवा ख → ग' हेही फोडता येतं. क → ग, ख → ग. उरलेले दोन, म्हणजे डावीकडे 'आणि' किंवा उजवीकडे 'किंवा' असलेले, फोडायचे नाहीत. डावीकडचं 'आणि' फोडलं की एकच अट पुरेशी असल्यासारखी दिसते आणि पर्यायांत ती वाट बघतच बसलेली असते. वरच्या प्रश्नात 'दुर्मीळ' गळण्याचा प्रकार हाच.

'आयदर-ऑर' म्हणजे निदान एक: ~क → ख. दोन्ही असायला हरकत नाही, 'बट नॉट बोथ' म्हटलं असेल तरच दोन्ही बाद. 'नॉट बोथ' म्हणजे जास्तीत जास्त एक: क → ~ख. दोन्ही नसायला हरकत नाही. या दोघांची अदलाबदल होते. कुठल्या बाजूला नकार आहे एवढंच लक्षात ठेवा: 'आयदर-ऑर'मध्ये डावीकडे, 'नॉट बोथ'मध्ये उजवीकडे.

लेखणी

वरचं सगळं मान्य, पण मला बाणांच्या अतिरेकाबद्दल बोलायचं आहे. एका विभागात ३५ मिनिटांत २४ ते २६ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ८० ते ८७ सेकंद. त्यात उतारा वाचायचा, पाच पर्याय तपासायचे. प्रत्येक 'इफ' दिसला की कागदाकडे वळणाऱ्याला शेवटचे चार-पाच प्रश्न वाचायलाच मिळत नाहीत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही गोल रिकामा सोडायचा नाही हे खरं, पण अंदाजाने भरलेलं ते अंदाजानेच.

बाण काढावेत ते दोन ठिकाणी. एक, तीन किंवा जास्त सशर्त विधानं असतील आणि त्यांत शब्द सामाईक असतील. दोन, युक्तिवाद अमूर्त शब्दांत असेल आणि गृहीतक शोधायचं असेल. बाकी ठिकाणी वाचतानाच 'कोण कोणाशिवाय होऊ शकत नाही' एवढं मनात पक्कं केलं की पुरतं.

आता धाग्याच्या शीर्षकातल्या प्रश्नाबद्दल. बाण बरोबर येऊन उत्तर चुकतं, कारण निष्कर्षालाही आधारविधानांसारखाच बाण काढून साखळीत ओवला जातो. 'म्हणून', 'त्यामुळे', 'यावरून स्पष्ट आहे की' यांच्या पुढे जे आहे ते सिद्ध करायचं आहे, ते हाताशी असलेलं सामान नाही. ते साखळीत घातलं की भोक बुजतं, आणि गृहीतकाच्या किंवा चूक ओळखायच्या प्रश्नात शोधायचं असतं ते भोकच. कागदावर आडवी रेघ मारा. वर आधारविधानं, खाली निष्कर्ष आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह. 'खरं असलंच पाहिजे' प्रकारात बहुधा निष्कर्ष दिलेलाच नसतो, तिथे रेघ नको.

त्रिज्या

लेखणी यांच्या रेघेला पूर्ण पाठिंबा. तीच वापरून गृहीतकाचा एक प्रश्न:

"जो करार दोन्ही पक्षांनी स्वेच्छेने केलेला असतो तोच न्याय्य असतो. या करारात एका पक्षाला अटींची माहिती दिलेली नव्हती. म्हणून हा करार न्याय्य नाही. पुढीलपैकी काय गृहीत धरलं तर निष्कर्ष तर्काने पूर्ण सिद्ध होतो?"

रेघेच्या वर: न्याय्य → दोन्ही पक्षांची स्वेच्छा, आणि एक वस्तुस्थिती, एका पक्षाला माहिती दिली नाही. रेघेखाली: ~न्याय्य. पहिला बाण उलटा केला तर ~स्वेच्छा → ~न्याय्य. म्हणजे निष्कर्षापर्यंतचा शेवटचा टप्पा हाताशी आहे. नाही ते फक्त 'माहिती दिली नाही' पासून '~स्वेच्छा' पर्यंतचं. पर्याय न बघता हवा असलेला बाण आधी लिहून ठेवा: ~माहिती दिली → ~स्वेच्छा.

मग तीन पर्याय बघा:

अ. ज्या पक्षाला अटी माहीत असतात, तो करार स्वेच्छेने करतो.
ब. अटी माहीत असल्याशिवाय कोणताही पक्ष करार स्वेच्छेने करत नाही.
क. ज्या पक्षाला अटींची माहिती दिलेली नसते, त्या पक्षाने तो करार स्वेच्छेने केलेला नसतो.

चकोर

अ उलट्या दिशेचा, तो कळला. पण ब आणि क तर एकच गोष्ट सांगतात ना? ब चा बाण: स्वेच्छा → माहिती. उलटून ~माहिती → ~स्वेच्छा. हवा होता तोच.

त्रिज्या

'माहिती' हा शब्द तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरलात. उताऱ्यात आहे 'माहिती दिलेली नव्हती'. ब मध्ये आहे 'अटी माहीत असणे'. न सांगताही त्या पक्षाला अटी दुसरीकडून कळल्या असतील, मग उलटवलेल्या ब ची डावी बाजू पेटतच नाही आणि निष्कर्ष लोंबकळत राहतो. 'पूर्ण सिद्ध होतो' म्हणायला तेवढीही फट चालत नाही. उत्तर क.

म्हणूनच संक्षेप करताना एका अक्षराऐवजी दोन-तीन अक्षरं खर्च करावीत. 'मा-दिली' आणि 'मा-आहे' असं लिहिलं असतं तर फरक कागदावरच दिसला असता. उताऱ्यातला शब्द पर्यायात किंचित बदललेला दिसला की थांबा आणि विचारा: हे दोन्ही नेहमी एकत्रच असतात का?

अव्यय

याच युक्तिवादावर 'युक्तिवाद कोणत्या गृहीतकावर अवलंबून आहे' असा प्रश्न आला तर क चुकीचा ठरेल, हेही सांगायला हवं. तिथे आवश्यक गृहीतक हवं असतं आणि त्याची चाचणी म्हणजे पर्यायाला नकार द्यायचा. क ला नकार: माहिती न दिलेल्या काही पक्षांनी तरी करार स्वेच्छेने केलेला असतो. 'काही' म्हणजे या करारातलाच पक्ष असं नाही, त्यामुळे युक्तिवाद अजून तग धरतो. म्हणून क पुरेसा आहे, आवश्यक नाही.

आता हा पर्याय बघा: 'माहिती न दिलेल्या पक्षांपैकी निदान एक तरी करार स्वेच्छेने करत नाही.' अगदी मिळमिळीत वाटतो. नकार द्या: माहिती न दिलेले सगळेच पक्ष करार स्वेच्छेने करतात. मग या पक्षानेही स्वेच्छेनेच केला, आणि दिलेल्या आधाराला काही अर्थ उरला नाही. हा आवश्यक आहे.

पुरेसं गृहीतक शोधताना ठाम, व्यापक भाषा घाबरवत नाही. आवश्यक शोधताना तीच भाषा संशयास्पद. प्रश्नातले शब्द वाचून आधी ठरवा कुठलं हवंय. 'इफ अश्यूम्ड' म्हणजे पुरेसं, 'रिक्वायर्ड' किंवा 'डिपेंड्स' म्हणजे आवश्यक.

आणि नकार नेमका द्या. 'सर्व'चा नकार 'सर्वच नाही', 'एकही नाही' नव्हे. 'काही'चा नकार 'एकही नाही'.

लेखणी

चूक ओळखायच्या प्रश्नांत जर-तरची चूक असेल तर पर्याय अतिशय अमूर्त भाषेत येतात आणि बऱ्याचदा दोन जुळे पर्याय असतात: 'आवश्यक अट पुरेशी मानली' आणि 'पुरेशी अट आवश्यक मानली'. दोन्ही सारखेच वाटतात, पण नसतात.

पहिला: 'निबंध स्वीकारला जाण्यासाठी त्याची पद्धत काटेकोर असावी लागते. या निबंधाची पद्धत काटेकोर आहे. म्हणून तो स्वीकारला जाईल.' युक्तिवादाने हातात धरली ती उजवी बाजू, आणि तिच्यावरच भागवलं. आवश्यक अट पुरेशी मानली.

दुसरा: 'पारितोषिक मिळालेला निबंध छापला जातो. या निबंधाला पारितोषिक नाही. म्हणून तो छापला जाणार नाही.' इथे डावी बाजू नाही म्हणून अडवलं, जणू तिच्याशिवाय छापलंच जात नाही. पुरेशी अट आवश्यक मानली.

ओळखायची खूण: युक्तिवाद एखादी गोष्ट आहे म्हणून पुढे जातोय की नाही म्हणून? 'आहे म्हणून' असेल तर पहिला, 'नाही म्हणून' असेल तर दुसरा. निदान जर-तरच्या साध्या चुकीत तरी हे चालतं.

गणकयंत्र

परिमाणांबद्दल थोडं, कारण बाणांत 'बहुतेक' आणि 'काही' मिसळले की माणसं त्यांनाही उलटवायला जातात. त्यांना कॉन्ट्रापॉझिटिव्ह नसतो. 'बहुतेक परीक्षक वकील आहेत' यावरून 'वकील नसलेले बहुतेक परीक्षक नसतात' असं निघत नाही. 'काही'ची अदलाबदल होते: काही क ख आहेत म्हणजे काही ख क आहेत. 'बहुतेक'ची होत नाही.

'काही' म्हणजे निदान एक, सगळेही चालतील. 'बहुतेक' म्हणजे निम्म्याहून जास्त, तेही सगळे असू शकतात.

जोडण्या मोजक्या आहेत:

बहुतेक क ख आहेत, सर्व ख ग आहेत: बहुतेक क ग आहेत.
काही क ख आहेत, सर्व ख ग आहेत: काही क ग आहेत.
बहुतेक क ख आहेत, बहुतेक क ग आहेत: काही ख ग आहेत. दोन्ही गट निम्म्याहून मोठे असल्याने कुठेतरी एकमेकांवर येतातच.

'सर्व क ख आहेत, बहुतेक ख ग आहेत' यातून क आणि ग यांच्याबद्दल काहीही निघत नाही. ग नसलेल्या थोड्या ख मध्येच सगळे क असू शकतात. ही जोडणी पर्यायांत हमखास दिसते, कारण वाचायला ती पहिलीसारखीच लागते. बाण आधी आणि 'बहुतेक' नंतर आला तर हात आवरा.

अव्यय

तत्त्व लागू करायच्या प्रश्नांत वेगळाच सापळा असतो. तत्त्व म्हणतं, 'एखाद्या नियमामुळे निरपराध माणसाला इजा होत असेल तर तो बदलावा.' निष्कर्ष हवा असतो 'हा नियम बदलू नये'. या तत्त्वातून 'बदलू नये' कधीच निघू शकत नाही, कारण बाणाच्या उजव्या टोकाला 'बदलावा' आहे. इजा होत नाही हे दाखवूनही उपयोग नाही, तो पुन्हा डावी बाजू नाकारण्याचाच प्रकार.

म्हणून अशा प्रश्नात निष्कर्षापासून उलटं या. निष्कर्ष 'करू नये' असा असेल तर पर्यायांतलं तत्त्व 'करू नये' वर संपणारं हवं, किंवा 'योग्य असेल तरच करावं' अशा घाटाचं, जे उलटवलं की 'करू नये' देतं. एवढ्या एका चाळणीत बहुधा दोन-तीन पर्याय गळतात, आणि मग उताऱ्यातली वस्तुस्थिती तत्त्वाची डावी बाजू पूर्ण भरते का तेवढं बघायचं.

पूर्वपक्ष

समांतर युक्तिवादाचे प्रश्न राहिले. आणि सराव कसा करावा?

लेखणी

समांतर प्रश्न लांब असतात. पहिल्या फेरीत खूण करून पुढे जावं, शेवटी परत यावं. परत आल्यावर सगळे पर्याय पूर्ण वाचू नका. प्रत्येकाचा फक्त निष्कर्ष वाचा आणि ठामपणा ताडून बघा. मूळ निष्कर्ष 'नक्की' असेल आणि पर्यायात 'बहुधा' असेल तर तो गेला. मूळ नकारार्थी वस्तुस्थितीवर संपत असेल आणि पर्याय सर्वसाधारण नियमावर संपत असेल तर तोही गेला. उरलेल्या एक-दोन पर्यायांचेच बाण काढा. विषय सारखा असण्याला किंमत नाही, वाक्यांचा क्रम सारखा असण्यालाही नाही. मूळ युक्तिवादात चूक असेल तर तीच चूक पर्यायातही हवी. निर्दोष पर्याय कितीही देखणा असला तरी बाद.

सरावात वेळ लावून विभाग सोडवा, पण उत्तरपत्रिका लगेच उघडू नका. शंकेच्या प्रश्नांना आधीच खूण केलेली असते, ते वेळ न लावता पुन्हा सोडवा आणि मगच ताडा. दोन्ही वेळा चुकलं तर संकल्पना कच्ची आहे. दुसऱ्यांदा बरोबर आलं तर वेळेचा दाब आहे. उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून ही विभागणी महत्त्वाची. चुकांच्या वहीत नुसता 'जर-तर' असा शेरा लिहू नका. दिशा चुकली, नकार चुकला, जोडणी चुकली, शब्द सरकला की निष्कर्ष साखळीत गेला, यांतलं नेमकं काय ते लिहा.

गेम्ससाठीची जुनी पुस्तकं हाताशी असतील तर गट पाडण्याच्या गेम्समधले नियम बाण काढण्याच्या सरावाला अजूनही चांगले आहेत. त्यांचे तक्ते आणि मांडण्या शिकण्यात मात्र आता वेळ घालवू नका.

त्रिज्या

जाता जाता एक छोटा नमुना, वरच्या जवळजवळ सगळ्या गोष्टी एकत्र येतात म्हणून:

"तज्ज्ञ समितीने हरकत घेतली नसेल तर निधी मिळालेला प्रत्येक प्रकल्प वेळेत पूर्ण होतो. वेळेत पूर्ण झालेल्या प्रकल्पांपैकी बहुतेकांचा अहवाल प्रसिद्ध होतो. किनारपट्टीच्या प्रकल्पाला निधी मिळाला, पण तो वेळेत पूर्ण झाला नाही." यातून काय ठामपणे निघतं?

चकोर

नि आणि ~ह → वे. डावीकडे 'आणि' आहे, फोडायचं नाही. उलटून: ~वे → ~नि किंवा ह. निधी मिळालाय, म्हणून ~नि बाद, उरलं ह. समितीने हरकत घेतली होती.

अहवालाबद्दल काहीच निघत नाही. 'बहुतेक' वेळेत पूर्ण झालेल्यांबद्दल आहे, हा प्रकल्प त्यांत नाही. अहवाल प्रसिद्ध झाला असेल किंवा नसेलही.

त्रिज्या

बरोबर. आता पर्यायांत 'समितीच्या हरकतीमुळे प्रकल्प रखडला' असं आलं तर?

चकोर

नाही घेणार. हरकत होती एवढंच सिद्ध होतं. तिच्यामुळे उशीर झाला हे कार्यकारण उताऱ्यात कुठेच नाही. 'समितीने हरकत घेतलेला प्रत्येक प्रकल्प रखडतो' हेही नाही, ह वरून ~वे असा बाणच नाही.